मोबाईलचा सावध वापर : शाळेने लावावयाची सवय

प्रास्ताविक

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील दोन डोंगरी तालुके होत. वेल्हे तालुक्यास आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी लोकांच्या तोंडी जुने नाव अद्याप रुळलेले आहे. नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंद या नद्यांच्या खोऱ्यांत येथील गावे व वाड्या विखुरलेल्या आहेत. एके काळी या वाड्यांवर बाहेरचे वर्तमान पत्राने येई. ते पत्र पोस्टमन वाचून दाखवी, किंवा घरचा मनुष्य ते शाळेत घेऊन येई आणि गुरुजी ते वाचून त्याचा अर्थ सांगत. पत्रात काही संशयास्पद असेल, तर तेही गुरुजींच्याच ध्यानात प्रथम येई.

आज वर्तमान मोबाईलवर येते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून अनेक घरांत मोबाईल मुलांच्या हाती आला. शाळा पुन्हा उघडल्या, परंतु मोबाईल मुलांच्या हातून गेला नाही. आजीला आलेला संदेश नातू वाचतो आणि आईच्या बँकखात्यात पैसे जमा झाले की नाही, हे मुलगी पाहते. गुरुजींकडे येणारे पत्र आता चौथी-पाचवीतील मुलाकडे जाते. त्या मुलास अक्षरे वाचता येतात, पण संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाचता येत नाही. हा हेतू वाचावयास शिकविणे हे आजच्या प्राथमिक शिक्षकाचे एक कर्तव्य होऊन बसले आहे.

या कामी भोरच्या इतिहासातील एक गोष्ट मार्गदर्शक ठरेल. भोर संस्थानचे अधिपती पंतसचिव होते. हे संस्थान १९४८ साली विलीन झाले. सचिव, अथवा सुरनीस, हे छत्रपती शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांपैकी एकाचे पद होय. राज्याची पत्रे तपासावयाची, त्यांत चूक आढळल्यास ती दुरुस्त करावयाची, आणि तपासणी झाल्याची खूण पत्रावर करावयाची, हे सचिवाचे मुख्य काम असे. पत्र प्रत्यक्ष राजाच्या नावाचे असले तरी तपासणीवाचून ते पुढे जात नसे. ज्या गावाची ओळख अशा पदाशी जोडलेली आहे, त्या परिसरातील मुलांस ‘नाव मोठे आहे म्हणून पत्र खरे मानू नये, ते पडताळून पाहावे’ हा धडा परका वाटण्याचे कारण नाही.

धोक्याचे स्वरूप

मोबाईलवरील चोरीविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. चोर कोणत्या तरी गूढ विद्येने दूर बसून कुलूप फोडतो, असे लोक मानतात. बहुतेक वेळा तसे घडत नाही. चोर कुलूप फोडीत नाही. तो घरधन्याकडूनच ते उघडवून घेतो. म्हणून हा विषय यंत्रशास्त्राचा जितका आहे, त्याहून अधिक मनुष्यस्वभावाचा आहे. पुढील चार प्रकार शिक्षकांनी नीट समजून घ्यावेत.

पहिला प्रकार लोभाचा. शेतकऱ्यास तांदळाची काही पोती विकावयाची आहेत, असे समजावे. त्यास एका व्यापाऱ्याचा फोन येतो. “विसार पाठवितो, मोबाईलवर आलेल्या ठिकाणी पिन टाका म्हणजे रक्कम जमा होईल,” असे तो सांगतो. शेतकरी पिन टाकतो आणि त्याच्याच खात्यातील रक्कम जाते. येथे एकच नियम पाठ असावा : यू. पी. आय. चा पिन पैसे देताना लागतो. पैसे घेताना कधीही लागत नाही.

दुसरा प्रकार सोयीचा. सरकारी योजनेचा हप्ता, वाहनाचा दंड किंवा लग्नाची पत्रिका यांचे निमित्त सांगून व्हॉट्सॲपवर एक फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘ए. पी. के.’ ही अक्षरे असतात. ही पत्रिका नसून मोबाईलमध्ये बसविले जाणारे ॲप असते. ते एकदा बसविले आणि त्याने मागितलेल्या परवानग्या दिल्या, म्हणजे मोबाईलवर येणारे संदेश, त्यांतील ओ. टी. पी. सुद्धा, परक्याच्या नजरेस पडू लागतात. कित्येकदा अशी फाईल ओळखीच्या माणसाच्या नंबरावरूनच येते, कारण त्याचा मोबाईल आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो.

तिसरा प्रकार भयाचा. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घातलेला इसम दिसतो. “तुमच्या आधार क्रमांकावर गुन्हा नोंदला आहे, तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे, फोन बंद करू नका,” असे तो दरडावतो आणि सुटकेसाठी रक्कम मागतो. भारताच्या कोणत्याही कायद्यात ‘डिजिटल अटक’ अशी तरतूद नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ रोजी आकाशवाणीवरील आपल्या भाषणातूनही याविषयी लोकांस सावध केले होते. फोनवर अटक होत नाही आणि फोनवर जामीनही होत नाही, इतके प्रत्येक घरी ठाऊक असावे.

चौथा प्रकार मुलांच्या व विशेषतः मुलींच्या बाबतीतील असून तो सर्वांत क्लेशदायक आहे. खेळाच्या किंवा ओळखीच्या ॲपवर कोणी गोड बोलून मैत्री जोडतो, छायाचित्र मागवितो आणि मग ते सर्वांस दाखविण्याची धमकी देतो. अशा वेळी मूल घरी सांगण्यास भिते, कारण प्रथम आपल्यालाच मार मिळेल, किंवा शाळा सुटेल, असे त्यास वाटते. चोराचे सारे बळ या भीतीत असते. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम आहे आणि संकटातील मुलासाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. परंतु त्या दोहोंपर्यंत मूल पोहोचण्यासाठी, आपले ऐकून घेणारे एक तरी मोठे माणूस आहे, असा विश्वास त्यास आधी वाटला पाहिजे.

हे चारही प्रकार शेजारी शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे त्यांतील दोन समान खुणा स्पष्ट होतात. चोर प्रत्येक वेळी ‘आत्ताच करा’ असे म्हणतो आणि ‘कोणास सांगू नका’ असे म्हणतो. पहिली खूण घाईची व दुसरी गुप्ततेची. युक्त्या दर महिन्यास बदलतात. या दोन खुणा बदलत नाहीत. म्हणून मुलांस युक्त्यांची यादी पाठ करावयास लावण्यापेक्षा या दोन खुणा ओळखण्यास शिकविणे अधिक उपयुक्त होय.

अफवेचा धोका

केवळ पैसाच धोक्यात असतो, असे नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या गावी जे घडले, ते प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावे. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरली होती. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे डवरी गोसावी समाजाचे पाच जण बाजाराच्या दिवशी त्या गावी आले होते. जमावाने त्यांस मुले पळविणारे समजून ठार मारले. ते निरपराध होते. अफवा पुढे पाठविणाऱ्यांपैकी बहुतेकांचा हेतू आपल्या मुलांची काळजी हाच असावा. परंतु न पडताळलेल्या काळजीने पाच घरांतील माणसे नेली.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मर्यादा घातली. यातील तत्त्व शिक्षकांनी पाहावे. कंपनीने लोकांचे मन बदलले नाही. तिने हाताची गती कमी केली. मनुष्यास थोडे थांबावे लागले, की त्याचा विवेक जागा होण्यास अवसर मिळतो.

नुसता उपदेश का पुरत नाही

सावधगिरीच्या सूचनांचे फलक आज बँकेत, पोलीस ठाण्यात व ग्रामपंचायतीत लागलेले दिसतात. तरीही माणसे फसतात आणि त्यांत सुशिक्षितही असतात. याचा अर्थ लोक मूर्ख आहेत असा नव्हे. ऐकलेली गोष्ट आणि ऐन वेळी हातून घडणारी गोष्ट यांत अंतर असते, असा त्याचा अर्थ आहे.

या अंतराविषयी अमेरिकेतील येल विद्यापीठात १९६५ साली लेव्हेंथल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. धनुर्वाताची लस टोचून घ्यावी, यासाठी विद्यार्थ्यांस पत्रके देण्यात आली. काहींना रोगाची भयंकर चित्रे दाखविली, काहींना सौम्य माहिती दिली. भीती वाढली, विचारही पालटला. परंतु प्रत्यक्ष लस घेण्यास शेकडा ३ च विद्यार्थी गेले. ज्यांना दवाखाना दाखविणारा नकाशा व लस देण्याच्या वेळा दिल्या होत्या, आणि आपल्या आठवड्याच्या कामांत जाण्याची वेळ कोठे बसेल हे पाहावयास सांगितले होते, त्यांच्यापैकी शेकडा २८ गेले. तेव्हा भय दाखविल्याने पाऊल उचलले जात नाही. पाऊल कोठे टाकावयाचे हे दाखविले, तर ते उचलले जाते.

अलीकडील अनुभवही याच दिशेचा आहे. अमेरिकेतील सान डिएगो येथील विद्यापीठाच्या आरोग्यसंस्थेत सुमारे १९,५०० सेवकांस आठ महिने खोटे संदेश पाठवून पाहण्यात आले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे, नेहमीचे प्रशिक्षण घेतलेल्यांचे फसण्याचे प्रमाण न घेतलेल्यांच्या मानाने शेकडा १.७ इतकेच कमी आढळले. प्रशिक्षण व्यर्थ आहे, असा निष्कर्ष यावरून काढू नये. वाचून सोडून दिलेले शिक्षण अंगवळणी पडत नाही, असा काढावा. पाढे जसे रोज म्हणून येतात, तशीच सावधगिरीही सरावाने येते. आणि सराव करून घेणे यात प्राथमिक शिक्षकाची बरोबरी दुसरा कोणी करू शकणार नाही.

तीन सवयी

मुलांस तीन सवयी लावाव्यात : थांबणे, पडताळणे आणि सांगणे.

थांबणे ही घाईवरील तोड होय. ‘आत्ताच’ हा शब्द ऐकला, की मोबाईल खाली ठेवावा, असा परिपाठ असावा. आपल्याकडील मुलांना वडीलधाऱ्यांचे बोलणे मध्येच तोडू नये, असे शिकविलेले असते आणि ते योग्यच आहे. परंतु फोनवरील अनोळखी माणूस वडीलधारा नव्हे. त्याचा फोन बंद करण्यात उद्धटपणा नाही, हे मुलास स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. तसेच, खऱ्या बँकेचे वा कचेरीचे कोणतेही काम पाव तास थांबल्याने बुडत नाही, हेही सांगावे.

पडताळणे ही सोंगावरील तोड होय. ज्याने फोन केला, त्याच्याच सांगण्यावरून पडताळणी करू नये; आपल्याजवळच्या दुसऱ्या मार्गाने करावी. बँकेचा निरोप असेल, तर पासबुकावर किंवा कार्डाच्या पाठीमागे छापलेल्या क्रमांकावर विचारावे, अथवा बाजाराच्या दिवशी शाखेत जाऊन पाहावे. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक खरा असेलच असे नाही, कारण चोर तेथेही आपले क्रमांक पेरून ठेवतात. नातेवाइकाने पैसे मागितल्याचा संदेश आला, तर त्याच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन करून आवाज ऐकावा, आणि त्या दोघांसच ठाऊक असलेली एखादी गोष्ट विचारावी. कारण आता आवाजाची नक्कलही यंत्राने करता येते.

सांगणे ही गुप्ततेवरील तोड होय, आणि तिघांत हीच सवय सर्वांत कठीण आहे. फसलेला मनुष्य लाजतो. “लोक काय म्हणतील, घरचे काय म्हणतील,” या विचारात दोन दिवस जातात आणि तेवढ्यात पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊन दिसेनासा होतो. भातखाचरात काम करताना कोणास घोणस चावली, तर “तेथे हात का घातलास?” असे विचारीत कोणी बसत नाही, त्यास तातडीने दवाखान्यात नेतात. मोबाईलवर फसलेल्या माणसास हीच वागणूक मिळाली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६ (डी) प्रमाणे संगणक-साधनाने तोतयेगिरी करून फसविणे हा तीन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. तेव्हा लाज वाटावयाची ती चोरास वाटावी, फसलेल्यास नव्हे.

सांगावयाचे कोणास, हेही निश्चित असावे. घरी सांगावे, आणि पैसा गेला असल्यास ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. तेथे बँकेचे नाव, खाते क्रमांक, गेलेली रक्कम, दिवस व वेळ, आणि बँकेच्या संदेशात असलेला व्यवहार क्रमांक विचारतात. ही माहिती संबंधित बँकेकडे लगेच कळविली जाते आणि पैसा तोवर खात्यातून निघाला नसेल, तर तो तेथेच रोखता येतो. निघाला असेल, तर ज्या बँकेत तो गेला तिला कळविले जाते. म्हणून येथे मिनिटांचाही हिशेब आहे. त्यानंतर केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर अथवा पुणे ग्रामीण पोलिसांच्या जवळच्या ठाण्यात रीतसर तक्रार नोंदवावी, आणि आपल्या बँकेसही कळवावे. १९३० वर कोणीही पिन वा ओ. टी. पी. विचारीत नाही, हे ध्यानात असावे. खात्यातून रक्कम अनधिकृतपणे गेल्यास ग्राहकाने बँकेस जितके लवकर कळवावे तितकी त्याची जबाबदारी कमी, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले.

नमुना पाठ (इयत्ता पाचवी, वेळ ३५ मिनिटे)

साधने : फळा, कागदाच्या चार चिठ्ठ्या, पुठ्ठ्याचा मोबाईल व कोऱ्या कार्डांचा संच. या पाठास खरा मोबाईल व नेटवर्क यांची गरज नाही. म्हणून डोंगरातील वाडीच्या शाळेतही तो घेता येईल.

प्रस्तावना : शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावेत. “अनोळखी माणूस वाडीत आला आणि ‘तुझ्या वडिलांनी घराची किल्ली मागितली आहे’ असे म्हणाला, तर तू काय करशील?” मुले बहुधा “वडिलांना विचारू” असे उत्तर देतील. “तो म्हणाला, विचारायला वेळ नाही, तर?” या प्रश्नावर वर्गात थोडी चर्चा होऊ द्यावी.

हेतुकथन : “मोबाईलमधूनही असा माणूस घरी येतो. त्यास कसे ओळखावे, हे आज आपण पाहू.”

विषयविवेचन : चार चिठ्ठ्या चार मुलांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात. पहिलीत बक्षीस लागल्याचा मजकूर असावा, दुसरीत वीज आज रात्री तोडली जाईल अशी धमकी, तिसरीत ‘आईला सांगू नकोस, आपण मित्र आहोत’ असे गोड बोलणे, आणि चौथीत ‘अतिवृष्टीमुळे उद्या शाळेस सुट्टी आहे’ अशी सूचना. प्रत्येक चिठ्ठीत घाईची व गुप्ततेची खूण कोठे आहे, ती मुलांनी शोधावी. चौथी चिठ्ठी मुद्दाम ठेवलेली आहे. तीत या खुणा नाहीत आणि ती खरीही असू शकेल. पण अशी खोटी पत्रेही फिरतात. ती कोणास विचारून पडताळावी, हे मुलांनी सांगावे. सर्वच संदेश खोटे असतात, असा ग्रह मुलांचा होऊ देऊ नये. संशयी मूल घडवावयाचे नसून चौकस मूल घडवावयाचे आहे.

सराव : दोन मुलांनी पुठ्ठ्याचा मोबाईल घेऊन संभाषण करावे. एकाने घाई करावी; दुसऱ्याने “मी आधी घरी विचारतो” किंवा “विचारते” एवढेच म्हणून मोबाईल खाली ठेवावा. वर्गातील प्रत्येक मुलाने हे वाक्य निदान एकदा मोठ्याने म्हटले पाहिजे. जे वाक्य एकदाही तोंडातून निघालेले नाही, ते ऐन वेळी आठवत नाही.

संकलन : फळ्यावर ‘थांबा – पडताळा – सांगा’ हे तीन शब्द लिहून, कोणत्या खुणेवर कोणती तोड, हे मुलांकडून वदवून घ्यावे.

उपयोजन : प्रत्येक मुलाने कार्डावर १९३० व १०९८ हे क्रमांक, आणि घरच्या पासबुकावर छापलेला बँकेचा क्रमांक लिहावा, व ते कार्ड घरी दिनदर्शिकेशेजारी भिंतीवर लावावे. वर सांगितलेल्या प्रयोगातील नकाशाचे काम हे कार्ड करील. दुसऱ्या दिवशी किती घरी कार्ड लागले, याची विचारपूस करावी. पाठाची उजळणी आठवड्याने एकदा व पुढे महिन्याने एकदा, नव्या चिठ्ठ्या करून घ्यावी.

प्रौढांचा वर्ग

हे ओझे मुलावर एकट्यावर टाकणे अन्यायाचे होईल. घरचा व्यवहार मोठ्यांचा आहे. त्याची राखणही त्यांनीच केली पाहिजे. या कामी शेजारच्या सातारा जिल्ह्याचा दाखला घेण्यासारखा आहे. तेथे १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रभर पसरली. प्राथमिक शिक्षकांनी रात्रीचे वर्ग चालविले. गावातील प्रौढ साक्षर झाले, की ग्रामगौरव समारंभ होई. गौरव एका व्यक्तीचा नसून गावाचा होई, आणि त्यामुळे मागे राहिलेल्यास शरमिंदे न होता इतरांबरोबर येता येई. शासनाच्या २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या ‘उल्लास’ साक्षरता कार्यक्रमातही अक्षरओळखीबरोबर आर्थिक व डिजिटल साक्षरतेचा समावेश आहे.

बचत गटाची बैठक, ग्रामसभा, किंवा गणेशोत्सवातील एखादी संध्याकाळ यासाठी निवडावी. सभेचा पहिला नियम असा जाहीर करावा, की फसलेल्यास कोणी हसावयाचे नाही. त्यानंतर व्याख्यान न देता मुलांकडूनच वर दिलेले संभाषण करून दाखवावे. एखाद्याने आपणहून आपला अनुभव सांगितला, तर त्याचे आभार मानावेत. कोणास आग्रह करू नये. एकाने सांगितलेली फसगत दहा घरांस वाचविते, आणि ‘सांगितले तरी चालते’ हे त्या दहा घरांस प्रथमच कळते.

मोबाईल वापरूच नये, असा सूर मात्र सभेत निघू देऊ नये. सातबारा उतारा, पावसाचा अंदाज, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ही सर्व त्याच मोबाईलने जवळ आणलेली आहेत. भिऊन मोबाईल दुसऱ्याच्या हाती देणारा मनुष्य अधिक परावलंबी होतो, आणि परावलंबी मनुष्य अधिक फसतो.

शिक्षकाचे स्वतःचे वर्तन

मुले उपदेशाहून उदाहरण लवकर उचलतात. यास्तव शिक्षकांनी पुढील गोष्टींविषयी स्वतःपासून दक्षता घ्यावी.

शिष्यवृत्ती व इतर कामांसाठी मुलांचे आधार क्रमांक व पालकांच्या पासबुकांच्या प्रती शाळेत गोळा होतात. त्यांची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटांवर टाकण्याची सोय मोहक असली, तरी ती टाळावी. ज्या गटात शंभर माणसे आहेत, तेथे टाकलेली यादी चावडीवर टांगल्यासारखीच होय. काम झाल्यावर मोबाईलमधील प्रती काढून टाकाव्यात. मुलांची छायाचित्रे नाव, गाव व इयत्तेसह सर्वत्र प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांस विचारावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानून तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारलेले आहे.

पालक विश्वासाने मोबाईल पुढे करून “गुरुजी, तुम्हीच पिन टाका,” किंवा “बाई, तुम्हीच बघा,” असे म्हणतात. अशा वेळी तोंड फिरवून पिन त्यांच्याच हातून टाकवावा. हा अविश्वास नव्हे. तो एक धडा आहे, आणि तो पाहणाऱ्या मुलास कोणत्याही चिठ्ठीहून अधिक शिकवितो. सुट्टीचे, परीक्षेचे वा दंगलीचे कोणतेही वर्तमान स्वतः पडताळल्यावाचून पुढे पाठवू नये. शिक्षकाकडून आलेला संदेश गावात खरा मानला जातो. म्हणून शिक्षकाची चूकही गावात खरी मानली जाते.

समारोप

या कामाची मोजदाद फलकांच्या व सभांच्या संख्येवरून करू नये. केंद्राच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांनी तीन प्रश्न एकमेकांस विचारावेत. गेल्या महिन्यात किती मुलांनी घरी आलेला संशयास्पद संदेश शाळेत आणून दाखविला? फसगत झालेल्या किती माणसांनी त्याच दिवशी कोणास तरी सांगितले? आणि सांगितल्यावर त्यांस बोलणी ऐकावी लागली, की मदत मिळाली?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाढत गेले, तर मुले थांबावयास व पडताळावयास शिकत आहेत, असे समजावे. दुसऱ्याचे वाढले, तर गावाची लाज ओसरत आहे, असे समजावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावाच्या हाती आहे, आणि त्याची सुरुवात वर्गातूनच होते. एखादे मूल रडवेले होऊन शिक्षकाकडे येते आणि “माझ्याकडून चूक झाली,” असे म्हणते. त्या क्षणी शिक्षकाने प्रथम त्यास जवळ बसवावे, “बरे झाले सांगितलेस,” असे म्हणावे, आणि मग पुढील कामास लागावे.